साऱ्या गावाचं झाडन

माझं लग्न ठरलं तेव्हा नागपूर राजधानी होतं. हे मी सुरुवातीलाच सांगते, कारण त्या काळी मी ते सगळ्यांनाच सुरुवातीला सांगत असे. प्रांत मध्यप्रदेश, त्याची राजधानी नागपूर, नागपुरात सेक्रेटरिएट, सेक्रेटरिएटमध्ये माझे वडील कारकून आणि त्यांची मी थोरली, मॅट्रिक पास झालेली मुलगी. राज्यकारभार आणि मी यांच्यात फारसं अंतर नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

स्थळ हिंगणघाटचं आलं. मध्यस्थ म्हणाले, "मुलाचं पाच-सहा कारखान्यांत रोजचं येणं-जाणं आहे. घर स्वतःचं, बैलबंडी स्वतःची. काम कंत्राटी आहे, पण हातचं कधी जायचं नाही." यातलं वडिलांनी 'कंत्राट' ऐकलं, आईने 'घर स्वतःचं' ऐकलं आणि मी 'कारखाने' ऐकलं. कसलं कंत्राट, हे कोणीच विचारलं नाही. मामा घर बघायला गेले ते ऐन पावसाळ्यात. त्या दिवसांत कापसाचे जिन बंद असतात. मामा परत येऊन म्हणाले, "अंगण म्हणजे काय अंगण आहे! पोरांनी क्रिकेट खेळावं."

मी सासरी गेले ती मार्गशीर्षात. जिन धडाक्यात सुरू होते. तांगा दारात थांबला, मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या प्रसिद्ध अंगणाकडे नजर टाकली. अंगण दिसलं नाही. पोती दिसली. पोत्यांवर पोती, त्यांच्यामधून माणूस जाईल एवढी वाट, आणि सगळ्यावर पांढुरक्या तुसाचा थर. माप ओलांडताना मला पहिली शिंक आली. पुढची अनेक वर्षं ती थांबली नाही.

"हे काय आहे?" मी नवी नवरी असूनही त्याच संध्याकाळी सासूबाईंना विचारलं.

"हे? हे झाडन हाये," त्या म्हणाल्या. "जिनातलं झाडन, डाळमिलातली चुनी, आरामशिनीवरचा भुसा, छापखान्यातल्या कातरणी, शिंप्याइच्या चिंध्या. साऱ्या गावाचं झाडन आपल्या घरी येते, बाई."

हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं, की क्षणभर मला वाटलं, आपल्याला काहीतरी चुकीचं ऐकू आलं.

तर माझ्या नवऱ्याचं काम हे होतं. सकाळी बंडी जुंपायची आणि गावातल्या एकेका कारखान्याच्या मागच्या दाराशी जायचं. पुढच्या दाराशी त्यांचं काही काम नसे. जिनात कापसातून सरकी आणि रुई वेगळी झाली, की खाली धूळ, पाचोळा, काळवंडलेला कापूस उरतो. तो ते भरून आणत. त्यातला बरा भाग पिंजाऱ्याकडे गाद्यांसाठी जाई, उरलेला शेतात खत म्हणून. डाळमिलमधली तुरीची चुनी गवळ्यांच्या म्हशींना. आरामशिनीवर लाकूड कापताना पडणारा भुसा घरोघरच्या शेगड्यांना. छापखान्यातल्या कागदाच्या कातरणी किराणा दुकानदारांना, काचेच्या बरण्या बांधताना मध्ये घालायला. शिंप्यांच्या चिंध्या परत कापडमिलमध्येच, यंत्रं पुसायला. तेलाच्या मिलमध्ये जवसाचं तेल गाळून झालं, की तेलात भिजलेली फडकी उरत. ती वीटभट्टीवाले भट्टी पेटवायला नेत. इतकंच काय, न्हाव्यांच्या दुकानातले केससुद्धा कोणीतरी शेतकरी मागून नेत असे. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकले की रानडुकरं येत नाहीत म्हणे. माझ्या माहेरचा एकही माणूस त्या डुकरांइतका नाजूक नव्हता, असं मला वाटे. अपवाद माझा.

खरं सांगायचं तर घरात काही कमी नव्हतं. नवरा शांत होता. मोठा आवाज नाही, व्यसन नाही. कामावरून आले की विहिरीवर अंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून मगच आत येत. मी कुरकुर करायला बसले तर कारण सापडायचं नाही, ही माझी मोठी अडचण होती. म्हणून मी कुरकुर पोत्यांवर काढली. भुशाची शेगडी मला पेटवता येत नसे. तिच्यात मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठासून भरायचा आणि मग बाटली हळूच वर काढायची, म्हणजे मधलं भोक तसंच राहतं आणि शेगडी दुपारभर एकसारखी जळते. मी बाटली काढली की भोक ढासळे. सासूबाई म्हणत, "नागपूरले काय पेटवतात वो तुमी?" मी म्हणे, "कोळसा!" जणू कोळशाची खाण सेक्रेटरिएटच्या आवारात होती.

पहिल्या दिवाळीला मी माहेरी गेले. आळीतल्या मैत्रिणी जमल्या. एकीचा नवरा रेल्वेत, एकीचा पोस्टात, एकीचा वकिलीची परीक्षा देत होता. "आणि तुझे हे?" कोणीतरी विचारलं.

"मिलमध्ये असतात," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. ते खरंच रोज मिलमध्ये असत, मागच्या बाजूला.

"काय म्हणून?"

इथे मी थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण अनारसे चांगले झाले होते, मैत्रिणी उत्सुकतेने बघत होत्या आणि मी म्हणून गेले, "मॅनेजरसारखंच असतं त्यांचं." चिवडा संपेपर्यंत त्यातलं 'सारखंच' गळून पडलं होतं. रात्री जेवताना आईनेच वडिलांना सांगितलं, "ऐकलं का, जावई मॅनेजर झाले." वडिलांनी भाताचा घास तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत इतका आनंद होता, की मला तो मोडवेना. मी ताटात मीठ शोधत राहिले.

पुढचं सगळं वडिलांनी केलं, आणि मोठ्या प्रेमाने केलं. माझ्या धाकट्या बहिणीसाठी एक चांगलं स्थळ चाललं होतं. मुलाचे वडील तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, भारदस्त गृहस्थ होते. बोलता बोलता वडिलांनी त्यांना सांगितलं, की आमचे थोरले जावई हिंगणघाटला मिलचे मॅनेजर आहेत. गृहस्थ म्हणाले, "मला कापडाच्या धंद्यात फार रस आहे. एकदा बघायला हवी मिल." वडील म्हणाले, "चला की! घरचीच आहे."

हिंगणघाटला येणाऱ्या कोणा ओळखीच्याबरोबर मला निरोप आला, की परवा सकाळच्या गाडीने आम्ही दोघं येतो, जेवायलाच असू.

मी नवऱ्याला फक्त अर्धा निरोप सांगितला. म्हटलं, "वडील येतायत. बहिणीच्या होणाऱ्या सासऱ्यांना घेऊन. अंगण जरा मोकळं करायला हवं."

त्यांना फार बरं वाटलं. बायको इतक्या दिवसांनी घराकडे आपलं घर म्हणून बघते आहे, असं त्यांना वाटलं असावं. "काऊन नाई? करू ना," ते म्हणाले आणि लगेच बाह्या सरसावून उठले.

पण कचरा घराबाहेर काढणं ही काय चीज आहे, हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक पोत्याचं जायचं घर ठरलेलं होतं आणि त्या घराची वेळही. चुनी गवळ्याने नेली, ती सुटली. पिंजारी म्हणाला, गाद्या भरणं चालू आहे, इथं पाय ठेवायला जागा नाही, चार दिवसांनी आणा. किराणावाल्याला इतक्या कातरणी एकदम नको होत्या. भुसा तर कोणीच एवढा घेत नसे. बंडी दिवसभर फिरली आणि बरंचसं घेऊन परत आली. संध्याकाळी तेलमिलची फडकी आली, तेव्हा बैल इतके दमले होते की वीटभट्टीपर्यंत जाणं शक्य नव्हतं. एरवी ती फडकी आमच्याकडे कधी मुक्कामाला राहत नसत. आली की त्याच दिवशी पुढे जात.

"उद्या पाहुणे गेले की पाठवतो," नवरा म्हणाले. "आता ठेवू कोठी?"

मी मागचा गोठा दाखवला. बैल दोन दिवस शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधू, म्हटलं. मग आम्ही दोघांनी, आणि सासूबाईंनीही, सगळं त्या गोठ्यात कोंबलं. भुशाची पोती, जिनातलं झाडन, कागद, चिंध्या. तेलाची फडकी शेवटी राहिली, तीही मधल्या फटीत दाबून बसवली. दार लागेना तेव्हा मी पाठ लावून ढकललं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या घरात इतक्या मनापासून काम केलं. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "सूनबाई आता रुळून राह्यली."

दुसऱ्या दिवशी अंगण खरंच क्रिकेट खेळण्याजोगं दिसत होतं. मी सडा घातला, रांगोळी काढली. पुरण शिजवलं, कढी केली, भजी तळली. त्या दिवशी भुशाची शेगडीसुद्धा एका प्रयत्नात पेटली. हा शकुन आहे असं मी मानलं.

पाहुणे आले. पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, खांद्यावर जरीकाठी उपरणं. वडिलांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हे आमचे जावई. मिलचे मॅनेजर."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी कढीकडे पाहिलं.

आता ते काय बोलतात, या भीतीने मी कढी उगाच ढवळत राहिले. पण ते पुढे झाले. नमस्कार केला, पाय धुवायला पाणी दिलं आणि पाटावर बसवलं. वाढणं सुरू झालं. पाहुणे एकेक प्रश्न विचारू लागले आणि माझा नवरा, ज्याने जन्मात कधी खोटं सांगितलं नसेल, एकेक खरं उत्तर देऊ लागला.

"रोज सकाळी जाता?"

"सकाळीच जा लागते जी. एक दिवस नाई गेलो तं त्याइचं काम अडते."

"वा! आणि एकाच मिलमध्ये?"

"नाई, जिन हाये, तेलमिल हाये, डाळमिल हाये. साऱ्याइकडे पाहा लागते."

पाहुण्यांनी वडिलांकडे कौतुकाने पाहिलं. वडिलांची छाती रुंद झाली. "म्हणजे मुख्य काम काय असतं तुमचं?" पाहुण्यांनी पुरणपोळीवर तूप घेत विचारलं.

"आतमंदी काई साचून नाई राह्यलं पाह्यजे," नवरा म्हणाले. "सारं वाहतं राह्यलं पाह्यजे."

"प्रॉडक्शन!" पाहुणे म्हणाले.

"त्याच्या नंतरचं," नवरा म्हणाले.

"आणि हाताखाली किती माणसं?"

"माणसं नाई जी. दोन बैल हायेत."

पाहुणे इतके हसले की त्यांना ठसका लागला. एवढा मोठा माणूस आणि किती विनोदी, किती साधा, असं ते वडिलांना म्हणाले. मी तुपाची वाटी घेऊन उभी होते आणि मनात देवाला म्हणत होते, की एवढं जेवण पार पडू दे, मी पुन्हा कधी अनारशांच्या नादी लागणार नाही.

तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "सूनबाई, पोळी करपली काय वो?"

पोळी तव्यावर नव्हतीच. तरी करपल्याचा वास येत होता, कडवट, तेलकट. मला वाटलं शेजारचा असेल. मग पाहुण्यांनी मान वर केली. मग वडिलांनी. मग नवऱ्याने घास खाली ठेवला, ते उठले आणि हात न धुताच मागच्या दाराकडे धावले. मी त्यांना जेवताना उठलेलं कधी पाहिलं नव्हतं.

गोठ्याच्या दाराच्या फटींतून जाड, पिवळट धूर बाहेर येत होता. त्यांनी कडी काढली. कोंबून बसवलेला ढीग दार उघडताच बाहेर कोसळला आणि वारा लागल्याबरोबर आतून लाल जाळ वर आला. गोठ्यात दिवा नव्हता, चूल नव्हती, कोणी बिडी ओढत नव्हतं. काहीच नसताना आग लागली. गल्लीत पुढे कित्येक दिवस कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे भूत. खूप वर्षांनी विज्ञान शिकवणाऱ्या एका मास्तरांनी मला सांगितलं, की जवसाच्या तेलात भिजलेलं फडकं दाबून ठेवलं, की ते आतल्या आत तापत जातं आणि आपोआप पेट घेतं. म्हणजे भूत वगैरे काही नव्हतं. दाराला पाठ लावून ढकलणारी मीच होते.

त्यावेळी मी काय केलं, हे सांगायला हवं. मी काही केलं नाही. तुपाची वाटी हातात धरून अंगणाच्या मध्यभागी उभी राहिले. सासूबाई विहिरीवर धावल्या. नवऱ्याने फावड्याने जळतं झाडन ओढून वेगळं करायला सुरुवात केली. वडील घागर शोधू लागले. शेजारची बाई दारात येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अवो धावा वो! झाडनवाल्याच्या घरी आग लागली!"

पाहुणे ओसरीवर उभे होते. त्यांनी काळजीने विचारलं, "कोणाच्या घरी?"

"झाडनवाल्याच्या!"

"ते कुठे राहतात?"

बाई थबकली. तिने पाहुण्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "काय वो बाप्पा! ज्याच्या घरी तुमी जेवून राह्यले, तोच तं!"

मला वाटलं आता हा माणूस उपरणं सावरून थेट स्टेशनवर जाणार. पण पाहुण्यांनी कोट काढला, खुंटीला लावला, धोतराचा काचा मारला आणि विहिरीवरच्या रांगेत जाऊन उभे राहिले. तोवर गल्ली भरली होती. पिंजारी आला, आरामशिनीवरचे गडी आले, गवळी म्हशींना पाणी पाजायच्या बादल्या घेऊनच आला, छापखान्याचे मालक शाईच्या हातांनी आले. ज्यांचा ज्यांचा कचरा जळत होता ते सगळे विझवायला आले. बादल्या हातोहात पुढे जात होत्या आणि त्या रांगेत तहसील कचेरीतले निवृत्त गृहस्थ छापखानेवाले आणि गवळी यांच्या मध्ये उभे होते.

आग विझली. गोठ्याचं छप्पर खाली आलं, एक भिंत काळी झाली. माणसाला, जनावराला काही झालं नाही. बैल शेजाऱ्याकडे होते, ही माझ्या खोटेपणाची एवढी एकच चांगली बाजू. पाहुण्यांचं उपरणं जळते कागद झोडपण्यात गेलं होतं.

सगळे पांगल्यावर वडील ओट्यावर बसले. त्यांच्या मिशीवर राख होती. त्यांनी माझ्याकडे पाहून एकच शब्द उच्चारला, "मॅनेजर?"

मी त्यांना तूप वाढायला गेले. वाटी अजून हातातच होती.

पाहुण्यांनी राहिलेली पोळी खाल्ली, हात धुतले, आणि निघताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही एकही शब्द खोटा बोलला नाहीत. मी जेवताना म्हटलं ना, साधा माणूस आहे." वडिलांकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. तांगा निघाला तेव्हा वडील त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसले होते आणि ते मला अजून दिसतं.

दुपार उतरत होती. नवरा विहिरीवर राख धूत होते. मी घागर घेऊन गेले. त्यांनी नखांतली काजळी काढली. मग म्हणाले, "तुले लाज वाटते का माही?"

"तुमची नाही," मी म्हणाले. "पोत्यांची."

"पोते तं माहेच हायेत," ते म्हणाले.

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मला भांडता येत होतं. ते रागावले नव्हते. त्यांना लागलं होतं. माझ्या मॅट्रिकच्या अभ्यासात याच्यावर काही नव्हतं. मी रडू लागले, तर ते म्हणाले, "रडू नको. धूर हाये, आधीच डोळे झोंबते." मग त्यांनी घागर माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच घरात नेऊन ठेवली.

पुढचे काही दिवस बंडी जागेवर उभी राहिली. माल ठेवायला जागा नव्हती आणि विझलेला चिखल उपसण्यातच दिवस जात. मला वाटलं होतं, लोक आमची कीव करायला येतील. लोक आले, पण कीव करायला नव्हे. आरामशिनीवरचा माणूस आला, "भाऊ, भुसा दारापर्यंत आला, लाकूड कोठून आत घेऊ?" त्याने शेवटी तो रस्त्याकडेला ओतला, वारा सुटला आणि समोरच्या हॉटेलातल्या चहात भुसा पडू लागला. हॉटेलवाला भांडत आमच्याकडे आला. छापखान्यातल्या कातरणी उडून शाळेच्या मैदानात गेल्या आणि पोरांनी सुट्टी काढली. जिनात झाडन इतकं साचलं, की बायकांना बसून कापूस निवडायला जागा उरली नाही. गवळ्याच्या म्हशी चुनी नाही म्हणून तोंड फिरवू लागल्या. गावाच्या एवढ्या दारांमागे इतकं काही साठतं, हे मला माहीतच नव्हतं. मी एवढे दिवस ते फक्त माझ्या अंगणात साठतं असं धरून चालले होते.

एका सकाळी दारात तांगा थांबला. आतून एक बुटकेसे, टक्कल पडलेले गृहस्थ उतरले, नाकाला रुमाल लावून. ते कापडमिलचे मॅनेजर होते. खरे. ते आमच्या खाटेवर बसले, एकदा शिंकले, दुसऱ्यांदा शिंकले, आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "बंडी केव्हा येईल तेवढं सांगा. मजूर यंत्रं पुसायला चिंध्या मागतात आणि मागच्या अंगणात सुताचा ढीग झालाय." बोलता बोलता त्यांनी नदीकडची मिलची एक रिकामी पडवी वापरायला देऊ केली. मी त्यांना चहा दिला. इतक्या दिवसांनी मिलचा मॅनेजर आमच्या घरी बसून चहा पीत होता आणि ते पाहायला माहेरचं कोणीच नव्हतं. पुढे मी वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते फार प्रेमळपणे म्हणाले, "असेल बेटा, असेल."

बहिणीचं ते स्थळ मोडलं. कारण पत्रिका जुळली नाही असं सांगण्यात आलं, आणि मी ते मानून घेतलं, कारण दुसरं कारण मला सोसलं नसतं. वर्षभराने तिचं लग्न आर्वीच्या एका मास्तरांशी झालं. तिला ते पहिल्या स्थळापेक्षा अधिक आवडले, असं ती म्हणते. पण तिने मला सोडलं नाही. माझ्या घरी आली की दारातूनच नाक वर करून वास घेते आणि विचारते, "आज जेवायला काय जळतंय?"

नदीकडच्या पडवीत नवऱ्याने मातीच्या भिंती घालून वेगवेगळे कप्पे केले. तेलाच्या फडक्यांसाठी तर उघड्यावर, सगळ्यांपासून लांब, एक पत्र्याचा डबा ठेवला. कोणी न सांगता मी रोज तिकडे जाऊ लागले. आधी भाकरी द्यायला म्हणून, मग बसायला म्हणून. एकदा मी म्हटलं, "शिंप्यांच्या चिंध्या मी निवडते."

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. माझा कामाचा उत्साह त्यांनी एकदा पाहिला होता. पण पोतं पुढे सरकवलं.

मी दोन दुपारी बसून ते पोतं निवडलं आणि काय सुंदर निवडलं! तांबड्या चिंध्या एकीकडे, निळ्या एकीकडे, फुलाफुलांच्या वेगळ्या, पांढऱ्या तर घड्या घालून. मिलमध्ये पोचल्यावर मुकादम खूश होईल, बाईंचा हात लागला म्हणेल, असं मला वाटत होतं. नवरा संध्याकाळी परत आले ते हसू दाबतच. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणे, मशीन काय लग्नाले चालली का? तिले रंगाचं काय करा लागते? सुती वेगळं पाह्यजे, रेशमी वेगळं. रेशमी तेल पीत नाई."

"मग आधी सांगायचं ना!"

"तू येवढी मन लावून करून राह्यली होती," ते म्हणाले, "तं मले सांगवलं नाई."

मग आम्ही दोघं खाली बसलो. माझे सगळे तांबडे-निळे ढिगारे पुन्हा एकत्र केले आणि सुती, रेशमी असं निवडायला लागलो. रेशमी फार निघालं नाही. हिंगणघाटात रेशीम शिवणारे होते किती! एक तुकडा मात्र मोरपंखी, जरीचा होता. मी तो बाजूला ठेवू लागले तर ते म्हणाले, "घे. चोळीले होत नाई, पण घे."